मूर्ती मातीची, आरास हातची

भाद्रपद शुद्ध चतुर्थी जवळ आली की घराघरांतून दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. मूर्ती कशाची आणावी, हा पहिला. आणि तिच्यापुढे आरास कशाची मांडावी, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर गेली कित्येक वर्षे पुष्कळ बोलले आणि लिहिले गेले आहे. दुसरा मात्र माजघरातच राहिला. अलीकडे तो आमच्यापुढे एका नव्या रूपाने वारंवार येऊ लागला आहे. कीर्तनाच्या निमित्ताने गावोगावी जाणे होते. आरती आटोपली, बुक्का-प्रसाद वाटून झाला, की माताभगिनी जवळ येऊन शंका विचारतात. त्यांत हल्ली ही एक हमखास असते : ‘बुवा, आमच्या सूनबाई ती पॉलिमर क्ले का काय ती आणतात आणि घरच्या घरी नखाएवढे मोदक, बोटभर केळीची पाने, दुर्वांच्या जुड्या, चिमुकली समई असे काय काय करतात. दिसते फार सुरेख. पण देवापुढे ते चालेल का?’ विचारणाऱ्या सासूबाईंच्या आवाजात काळजी असते. आणि दोन पावले मागे उभ्या असलेल्या सूनबाईंच्या चेहऱ्यावर ती त्याहून अधिक असते.

‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ अशा एका शब्दात याचे उत्तर देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण त्या एका शब्दाने एक तर नदीचा घात होईल, नाही तर घरातल्या एका चांगल्या उमेदीचा. म्हणून या प्रश्नाचा थोडा सविस्तर विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

नावात माती, अंगी नाही

प्रथम हे द्रव्य आहे तरी काय, ते पाहू. ‘क्ले’ म्हणजे माती. पण या क्लेमध्ये मातीचा गुणधर्म शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. पॉलिमर या शब्दाला आपल्या विज्ञानकोशकारांनी ‘बहुवारिक’ असा प्रतिशब्द योजला आहे. या क्लेचा मुख्य घटक आहे पीव्हीसी नावाचे प्लास्टिक. घरातले पाण्याचे नळ, विजेच्या तारांवरचे वेष्टन, पावसाळी कोट ज्यापासून होतात तेच हे. त्याची बारीक पूड घेऊन तिच्यात तेलासारखे मऊपणा आणणारे द्रव्य, भरणाची पूड आणि रंग मिसळतात. मग ती कणकेच्या गोळ्यासारखी मळता येते. मातीप्रमाणे ती वाऱ्यावर वाळत नाही. शंभरावर दहा ते तीस अंश सेल्सिअस इतक्या उष्णतेत काही वेळ भाजली म्हणजे कायमची घट्ट होते.

हिचा जन्म जर्मनीतला, आणि तोही बाहुल्यांच्या घरातला. केथे क्रूझे या तेथील नामांकित बाहुलीकर्त्या बाई. त्यांच्या कन्येने असल्या द्रव्यावर काम करून ते घरगुती कलाकुसरीस योग्य केले. पुढे १९६४ साली पेन्सिली करणाऱ्या एका कारखान्याने ते घेतले आणि ‘फिमो’ या नावाने ते जगभर पसरले. तिकडे नाताळच्या झाडावर टांगायच्या चिमुकल्या वस्तू घरोघरी यापासून करतात. आपल्याकडे हे द्रव्य आले आणि मुलीबाळींनी त्याचे मोदक केले. यात वावगे काही नाही. हाताला जे द्रव्य लाभते त्यात माणूस आपल्याच देवाचे रूप पाहतो.

परंतु एक गोष्ट ध्यानी धरली पाहिजे. भाजलेली ही क्ले पाण्यात विरघळत नाही. एक दिवसात नाही, एक वर्षात नाही. तळाशी जाऊन बसते. आणि ऊन-पाण्याने, घासण्याने झिजलीच तर तिचे बारीक कण होतात, माती होत नाही. सगळ्या विवेकाचे मूळ या एका वस्तुस्थितीत आहे.

प्रतिमा आठ, विधी निराळे

आता शास्त्राकडे वळू. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधातील सत्ताविसाव्या अध्यायात भगवान श्रीकृष्ण उद्धवास पूजाविधी सांगतात. तेथे प्रतिमेचे आठ प्रकार आले आहेत : पाषाणाची, लाकडाची, धातूची, लेपाची म्हणजे माती-चंदनादिकांची, रेखाटलेली, वाळूची, मनोमय आणि रत्नाची. ही यादी पोथीत वाचताना दूरची वाटते. पण आपल्या घराचे वर्षभराचे सण आठवून पाहावेत. देव्हाऱ्यातले टाक धातूचे. नागपंचमीला पाटावर गंधाने काढलेला नाग रेखाटलेला. हरितालिकेला सुवासिनी घडवतात ते शिवलिंग वाळूचे. चतुर्थीचा गणपती मातीचा. आणि प्रवासात, आजारपणात डोळे मिटून केलेली मानसपूजा ती मनोमय. उद्धवाला सांगितलेले बहुतेक सगळे आपल्या आजीबाई न वाचताच आचरत आल्या आहेत.

पण भगवंत केवळ द्रव्ये सांगून थांबत नाहीत. द्रव्याप्रमाणे विधी बदलतो, हेही ते सांगतात. जी प्रतिमा स्थिर बसवली तिला आवाहनही नाही आणि विसर्जनही नाही. भूमीवर मांडलेल्या पूजेत दोन्ही आहेत. चल प्रतिमेत विकल्प आहे. लेपाच्या प्रतिमेस पाण्याचे स्नान घालायचे नाही, नुसते हळुवार पुसायचे. यातला आशय किती व्यवहारी आहे पाहा! देवाला द्रव्याचा अभिमान नाही. पण उपासकाने मात्र द्रव्याचा स्वभाव जाणला पाहिजे. मातीवर पाणी ओतू नये, एवढे शहाणपण भक्तीच्या भरातही सुटू नये, असा हा उपदेश आहे.

कृष्णाकाठच्या आमच्या वाई क्षेत्री गणपती घाटावर ढोल्या गणपतीची प्रचंड पाषाणमूर्ती आहे. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी ते देवालय बांधले. त्या मूर्तीचे विसर्जन कोणी करीत नाही. ती स्थिर आहे. त्याच घाटावर अनंत चतुर्दशीस घरोघरच्या मूर्ती येतात. त्यांना मात्र निरोप द्यायचा असतो, कारण त्यांना दीड, पाच, सात वा दहा दिवसांकरिताच बोलावलेले असते. एक देव राहण्यासाठी, दुसरा जाण्यासाठी. एका घाटावर या दोन्ही गोष्टी सुखाने नांदतात, कारण जो राहायचा तो दगडाचा आहे आणि जो जायचा तो मातीचा असतो. ‘पार्थिव गणेश’ या नावातच सारे आले. पार्थिव म्हणजे पृथिवीचा. पृथिवीपासून घेतला आणि पृथिवीला परत दिला. जे परत जाऊ शकत नाही त्याला पार्थिव म्हणता येत नाही, आणि ज्याला पार्थिव म्हणता येत नाही त्याचे विसर्जन हा शब्दच खोटा ठरतो. ते नुसते टाकणे होय.

येथे आमचे मत स्पष्ट आहे. पॉलिमर क्लेची मूर्ती करून तिची प्राणप्रतिष्ठा करावी आणि मग ती पाण्यात सोडावी, हे सर्वथा अयोग्य. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीविषयी जो आक्षेप आहे तो येथे द्विगुणित होतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाविषयी २०१० साली मार्गदर्शक सूचना काढल्या, २०२० साली त्या सुधारून घेतल्या. मूर्ती नैसर्गिक मातीची असावी, तिच्यात प्लास्टिक व थर्मोकोल नसावे, असेच त्यांचे म्हणणे. कित्येकांना हे सरकारी बंधन वाटते. आम्हांस तर तो ‘पार्थिव’ या शब्दाचा अर्थच राजपत्राच्या भाषेत सांगितल्यासारखा वाटतो.

गौरीच्या घरातला दाखला

मग आरासही या द्रव्याची करू नये काय? येथे मात्र आम्ही सोवळ्या मंडळींच्या पंक्तीला बसत नाही. कारण परंपरेने ठेवायचे आणि सोडायचे यांतला भेद फार पूर्वीच केला आहे. तो पाहायचा तर गणपतीच्या शेजारी गौरी बसतात तेथे पाहावा.

अनुराधा नक्षत्रावर गौरी येतात, ज्येष्ठेवर त्यांचे पूजन होते, मूळ नक्षत्रावर त्या जातात. कोणाकडे पाणवठ्यावरून आणलेले खडे हीच गौर. कोणाकडे तेरड्याची रोपे. कोणाकडे मुखवट्याच्या उभ्या गौरी. खडे पुन्हा पाण्यात जातात, तेरडाही जातो. पण मुखवटे? ते कोणी बुडवीत नाही. विसर्जनाच्या अक्षता पडल्या, गौर हलवली, की मुखवटे उतरवून, मऊ वस्त्रात गुंडाळून पेटीत ठेवतात. सासूकडून सुनेकडे, तिच्याकडून तिच्या सुनेकडे अशी त्यांची वाट चालते. विसर्जन झाले, तरी वस्तू राहिली. एकाच देवतेच्या पूजेत परत देण्याचे द्रव्य आणि जपून ठेवण्याचे द्रव्य अशा दोन्ही रीती आपल्या पूर्वजांनी मान्य केल्या.

तामिळनाडूत नवरात्रात पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्याला कोलू म्हणतात. म्हैसूरकडेही अशीच रीत आहे. सण संपला की त्या बाहुल्या नदीवर जात नाहीत, पेटीत जातात. आणि पुढल्या वर्षी जुन्यांत एखाद्या नवीची भर पडते. आमचे म्हणणे एवढेच, की सूनबाईंनी केलेल्या चिमुकल्या वस्तू या जातीच्या आहेत. त्या आरास आहेत, मूर्ती नव्हेत. त्यांना आवाहन नाही, म्हणून विसर्जनही नाही. त्यांचे स्थान देवापुढे आणि नंतर पेटीत. पाण्यात कधीही नाही.

हाताने करण्याची पुण्याई

आता ज्या गोष्टीकडे वडीलधाऱ्यांचे लक्ष जावे असे आम्हांस कळकळीने वाटते, ती सांगतो. गणेशाचा जन्मच मुळी हातकामातून झाला आहे. शिवपुराणातली कथा सर्वांच्या परिचयाची आहे. जगन्मातेने आपल्या अंगीच्या मळाची आकृती घडवली आणि तिच्यात प्राण ओतला. तिने मूर्ती विकत आणली नाही. महाभारतातला एकलव्य घ्या. गुरूने नाकारल्यावर त्याने अरण्यात मातीचे द्रोण घडवले आणि त्या प्रतिमेपुढे विद्या साधली. स्वतःच्या हाताने घडवण्यात मन जसे एकवटते तसे मोल देऊन आणलेल्या वस्तूत एकवटत नाही.

आपल्या स्त्रियांनी ही पुण्याई पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला आणि बाळाच्या बोरनहाणाला हलव्याचे दागिने होत; तीळ-खसखशीवर काटा फुलवायचा आणि एकेक दाणा ओवून हार, बिंदी, बाजूबंद करायचे. लग्नात रुखवत मांडायचे, त्यात इवलीशी भांडीकुंडी, इवलासा संसार. चैत्रगौरीपुढे कलिंगडाची कमळे. आषाढी अमावास्येला कणकेचे दिवे. सावंतवाडीच्या कारागिरांची लाकडी फळे तर अशी हुबेहूब, की किती तरी घरांच्या आराशीत ती खऱ्या फळांच्या शेजारी शोभली. लहान आकारात मोठी गोष्ट मांडण्याची ही हौस परकी नाही, आपली आहे.

मध्यंतरी मात्र या हौशीला ओहोटी लागली. घरातल्या हाताला उसंत नाही, म्हणून मखर बाजारातून येऊ लागले. थर्मोकोलचे पांढरेशुभ्र महाल चतुर्थीला यायचे आणि चतुर्दशीनंतर उकिरड्यावर किंवा नदीकाठी तरंगायचे. २०१८ साली महाराष्ट्रात थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली. तरी दरवर्षी नवे आणायचे आणि दरवर्षी टाकायचे, ही खोड अद्याप गेलेली नाही. अशा काळात एखादी सून कचेरीचे काम आटोपून रात्री दिव्याखाली बसते, मोदकाला एकेक कळी पाडते, शेजारी तिची मुलगी ओठ आवळून दुर्वांची तीन पाने जुळवते; आणि आपण तिला पहिला शब्द कोणता सांगतो? ‘हे चालत नाही.’ वाचकहो, त्या एका शब्दाने ती पुन्हा शाडूकडे वळेल असे समजू नका. ती बाजाराकडे वळेल. तेथे सगळेच ‘चालते’. आणि ती मुलगी पुन्हा हात भरवून घेणार नाही.

मर्यादा कोणत्या पाळाव्यात

म्हणून आम्ही निषेध करीत नाही, मर्यादा सांगतो.

पहिली मर्यादा मूर्तीची. ती मातीचीच असावी. शाडूची किंवा शेतातल्या, नदीकाठच्या मातीची. क्लेचा चिमुकला गणपती केलाच, तर तो चित्रासारखा मानावा, कपाटात वा आराशीत ठेवावा, मऊ फडक्याने पुसावा; त्यावर प्राणप्रतिष्ठा नको, अभिषेक नको.

दुसरी मर्यादा उपचारांची. क्लेचा मोदक म्हणजे नैवेद्य नव्हे आणि क्लेची दुर्वा म्हणजे दुर्वा नव्हे. आराशीत एकवीस सुंदर मोदक आहेत म्हणून उकडीच्या पाच मोदकांचा आळस करू नये. देवाला वाहायची जुडी ओल्या मातीतून खुडलेलीच हवी, पत्री झाडाचीच हवी. गोव्यात आणि सिंधुदुर्गात देवाच्या डोक्यावर माटोळी बांधतात, तिच्यात रानातली खरी फळे, खऱ्या वेली टांगतात. त्या निमित्ताने घरातल्या पोराला रान ओळखता येते. नक्कल शोभेसाठी आहे, अस्सलाची जागा अडवण्यासाठी नव्हे.

तिसरी मर्यादा अग्नीची. या वस्तू निरांजन, समई, उदबत्ती यांच्यापासून दूर मांडाव्यात. पीव्हीसी जळाले की घशाला झोंबणारा, आम्लयुक्त धूर होतो. देवघरात तो नको. भाजतानाही वेष्टनावर जेवढी उष्णता आणि जेवढा वेळ लिहिला असेल तेवढाच द्यावा, खिडकी उघडी असावी, आणि ओव्हनजवळ मुलांनी नव्हे, मोठ्यांनी उभे राहावे. मायक्रोवेव्हमध्ये तर भाजूच नये. मळण्यासाठी काचेचा तुकडा किंवा फरशी घ्यावी. स्वयंपाकाचे पोळपाट-लाटणे या कामी लावले तर ते पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. या क्लेची वाटी करून तिच्यात पंचामृत वा प्रसाद ठेवू नये. काम झाल्यावर हात स्वच्छ धुवावेत, आणि तोंडात वस्तू घालणारे मूल घरात असेल तर नखाएवढे मोदक त्याच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवावेत.

चौथी मर्यादा सर्वांत महत्त्वाची, ती जपणुकीची. विसर्जनाला निघण्यापूर्वी आराशीतली प्रत्येक वस्तू मोजून उचलावी. हार-फुलांबरोबर एखादी क्लेची दुर्वा निर्माल्यात गेली, तर ज्या निर्माल्याचे खत व्हायचे त्यात ती कायमची खडा होऊन राहील. वस्तू पुसून, जुन्या सुती कापडात गुंडाळून पेटीत ठेवाव्यात. पाकळी तुटली तर डिंक-गोंदाने नव्हे, चांगल्या चिकटद्रव्याने जोडावी. पुढल्या वर्षी सगळे नव्याने करण्याची हौस आवरावी. जुन्यात दोन-चार वस्तूंची भर घालावी. जी वस्तू जपायची नाही, ती या द्रव्याची करूच नये.

आणि ज्यांना या मर्यादा सांभाळणे अवघड वाटते, किंवा प्लास्टिक घरात वाढू नये असे ज्यांचे व्रत आहे, त्यांच्यासाठी साधी वाट मोकळी आहेच. शाडूचा गोळा घ्यावा. पातळ पाकळी त्यात तडकते हे खरे; म्हणून आकार थोडा जाड, थोडा ढोबळ ठेवावा आणि सावलीत सावकाश वाळवावा. कणीक आणि मीठ मळून केलेल्या वस्तूही चांगल्या वाळतात. कागदाच्या लगद्याची फळे होतात. त्या तितक्या गुळगुळीत होणार नाहीत. पण देवाला गुळगुळीतपणाचे काय! आमचे मन विचाराल तर ते या साध्या वाटेकडेच अधिक धावते. तथापि आपल्या मनाचा ओढा तो सर्वांस नियम, असे म्हणण्याचा अधिकार कोणास नाही.

सासूबाईंना आमचे एक सांगणे आहे. यंदा सूनबाई क्ले मळायला बसल्या, की ‘चालते का’ हे विचारण्याआधी शेजारी पाट मांडून बसावे. मोदकाची कळी कशी धरायची, ती अंगठ्याने आत कशी घ्यायची, हे उकडीत तुम्हांला जसे साधले आहे तसे तिला अद्याप साधलेले नसेल. ती तुम्हांला रंग कसा मिसळायचा ते दाखवील. सूनबाईंनाही एक सांगणे आहे. क्लेचे एकवीस मोदक झाले की एक दिवस उकडीचे एकवीसही सासूबाईंच्या हाताखाली करून पाहावेत. आणि नातवंडांच्या हाती शाडूचा एक गोळा द्यावा. त्यांनी सोंड वाकडी केली, कान लहानमोठे केले, तरी त्याच मूर्तीपुढे हात जोडावेत. तिचे विसर्जन बादलीत करून ते पाणी तुळशीला घालावे.

निरोपाच्या वेळी ‘पुढच्या वर्षी लवकर या’ असे आपण ज्याला म्हणतो, त्याच्या वाटेत नदीच्या तळाशी काही शिल्लक ठेवू नये. घरात मात्र अवश्य शिल्लक ठेवावे : एक पेटी, तिच्यात हाताने केलेल्या चार वस्तू, आणि त्या करण्याची विद्या. मंगलमूर्ती सर्वांच्या हातांना तेवढी बुद्धी देवो.